गुरुवार, सात वाजून वीस मिनिटं

यंदा भाद्रपद संपत आला असताना, एका मंगळवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी, अंबाजोगाई तालुक्यातल्या काही गावांत जमिनीतून आवाज आला. आवाज एकच होता. पडझड झाली नाही, कुणी जखमी झालं नाही. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी रेडिओ केंद्राने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक उत्तम साळवे यांचं भाषण लावलं. ‘घाबरू नका’ हे त्या भाषणाचं पहिलं वाक्य आहे. साळवे सर तीन वर्षांपूर्वी वारले.

भाषण जुनं आहे, हे निवेदकाने सांगितलं नाही. न सांगता ऐकणाऱ्याला ते कळण्याची सोय नव्हती, कारण सरांच्या भाषणात तारीख कधीच नसायची. केंद्राचा तसा दंडक होता. तारीख, वार, ‘काल’, ‘परवा’ काही बोलायचं नाही, म्हणजे ध्वनिफीत पुन्हा वापरता येते. महाविद्यालयात हेच सर मुलांना सांगायचे की ज्या नोंदीवर तारीख नाही, ती नोंद टाकून द्या. दोन्ही नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

आवाज ज्या दिवसांत येतो ते दिवस दिसायला शांत असतात. पाऊस सरलेला असतो. विहिरी इतक्या भरलेल्या की काठावर ओणवं होऊन तांब्या बुडवता येतो. काळी जमीन वरून सुकत येते, पण पाय ठेवला की खाली अजून ओल असल्याचं टाचेला कळतं. सोयाबीनचा पाला पिवळा होऊन गळतो आणि मळणीयंत्राची धूळ गावावर दुपारभर लोंबकळत राहते. वारा नसतो. अशात भरलं पोतं माळवदावरून कुणी खाली टाकावं तसा आवाज येतो. एकदाच. कुत्री आधी गप्प होतात की नंतर, यावर दर वर्षी वाद होतो. माणसांच्या बाबतीत मात्र वाद नाही. आवाज जमिनीतून आलेला असतो, पण इथली माणसं आधी वर, छताकडे बघतात. किल्लारीच्या भूकंपात माणसं छताखाली गेली, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

चौदा वर्षांपूर्वी याच हंगामात आवाज रोज येत होते. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. बातमीत मी ‘आवाज’ लिहायचो, डेस्कवर त्याचा ‘गूढ आवाज’ व्हायचा. साळवे सरांनी एकदा कात्रण पुढे धरून विचारलं होतं, की हे ‘गूढ’ कुणी मोजलं. ते डेस्कने मोजलं, असं मी सांगितलं. तेव्हापासून ते मला भेटले की पहिल्यांदा हेच विचारायचे : डेस्क काय म्हणतंय, आज गूढ आहे का?

सर मूळ घाटनांदूरचे. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन्नला दीक्षा घेतलेलं घर. गाडी यायच्या आधी वडील रुळावर तळहात ठेवायचे आणि गाडी कुठवर आली ते सांगायचे, एवढीच एक गोष्ट सर स्वतःच्या लहानपणाविषयी सांगत. काळ्या पाषाणाच्या भेगांमधून पाणी कसं उतरतं, यावर त्यांनी प्रबंध लिहिला. आवाजाचं कारणही त्यांच्या मते तेच होतं : भेगांत पाणी शिरतं, अडकलेली हवा दबते आणि सुटते. बहुधा. ‘बहुधा’ हा शब्द त्यांच्या प्रत्येक वाक्यात असायचा.

रेडिओवर तो नसायचा. केंद्रावर कार्यक्रम करणाऱ्या नलिनीताई संकलन करताना ‘बहुधा’ कापून टाकत. दहा मिनिटांत अकरा वेळा बहुधा म्हटलं तर माणसं दुसरं केंद्र लावतील, असं त्यांचं म्हणणं होतं. सर हसून मान्य करत. म्हणून वर्गात चाचरत बोलणारा हा माणूस गुरुवारी सकाळी रेडिओवर फार ठाम वाटायचा, आणि त्या ठामपणावर लोक विश्वास ठेवायचे. त्याच विश्वासामुळे प्रशासनाने त्यांना तज्ज्ञ सल्लागार नेमलं. आठवड्याचे चार दिवस महाविद्यालय, शुक्रवारी ध्वनिमुद्रण, शनिवारी तहसीलची जीप. विचारणारे वेगवेगळे होते, पण प्रश्न एकच होता : घरात निजायचं का बाहेर?

महाविद्यालयाच्या तळघरात एक भूकंपमापक होता. तालुक्याला एक यंत्र पुरत नाही, म्हणून सरांनी यंत्राशिवायची एक पद्धत काढली. वीस-बावीस गावांत, काही घरांच्या मांडणीवर, खालच्या फळीवर एक पेला उपडा ठेवायचा. त्यावर वाटी. वाटीच्या काठावर आडवा चमचा. नुसता आवाज आला तर वहीत वेळ घालून एक रेघ, चमचा पडला तर दोन, वाटी पडली तर तीन. वही खिळ्याला टांगलेली, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. भांड्यांजवळ दिवसभर बाया असतात, म्हणून नोंदी बायांनी ठेवायच्या. त्यांनी त्याला ‘सरांचा गणपती’ म्हणायला सुरुवात केली. हा गणपती विसर्जनाला न्यायचा कधी, असं एकीने विचारल्याचं सर वर्गात सांगायचे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आणि निम्मी नोंद-घरं बंद झाली. कुलपाआड पेला, वाटी, चमचा तसेच उभे राहिले. गुढीपाडव्याला माणसं परतली तेव्हा कितीतरी घरांत वाटी जमिनीवर होती. उंदीर असेल, मांजर असेल. सरांनी त्या सगळ्या वाट्या ‘वेळ अज्ञात’ या रकान्यात घातल्या. तो रकाना पुढे कधी वापरला गेला नाही. पण बंद घरात, कुणी ऐकायला नसताना पडलेली वाटी, हे चित्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. यंदा आवाज झाल्यावर पहिल्यांदा तेच आठवलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी वह्या गोळा केल्यावर सरांना एक गोष्ट दिसली. बहुतेक सगळ्या गावांत दर गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांची नोंद होती. दोन रेघा, कुठे तीन. तळघरातल्या यंत्राच्या कागदावर त्या वेळी काहीच नव्हतं. कारण शोधायला सरांना फार वेळ लागला नाही. सात वीसला त्यांचाच कार्यक्रम लागायचा, आणि नलिनीताईंनी सुरुवातीला जमिनीतून आलेला आवाज ध्वनिमुद्रित करून टाकला होता. घराघरात रेडिओ मांडणीवरच ठेवलेला. त्या आवाजाने फळी हादरायची आणि चमचा पडायचा. बाया प्रामाणिकपणे लिहीत होत्या. सर आपल्याच कार्यक्रमाचे धक्के मोजत होते.

त्यांनी तो आवाज काढायला लावला. पुढच्या दोन गुरुवारी नोंदी थांबल्या. एका गावात थांबल्या नाहीत.

ते गाव तांबडमाळ. बालाघाटाच्या उतारावर एका खोलगट जागी तीसेक घरं. डोंगराच्या आडोशामुळे तिथे रेडिओ लागत नव्हता. आजही नीट लागत नाही.

तांबडमाळचा प्रश्न वेगळाच अडून बसला होता. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी तिथली जवळजवळ सगळी घरं. आवाज वाढल्यापासून माणसं महिनाभर रानात, गुरांच्या पत्र्याखाली राहत होती. थंडी पडायला लागली होती. त्यांना घरी परत पाठवायचं की तंबू मागवायचे, यावर सरांनी अहवाल द्यायचा होता, आणि त्यासाठी सोमवारपर्यंतची मुदत होती.

गुरुवारी सकाळी सहाला आम्ही त्यांच्या मोटारसायकलवर निघालो. उतारावर धुकं होतं आणि पुढच्या चाकापलीकडे रस्ता दिसत नव्हता. सरांनी घड्याळ केंद्राच्या वेळेशी जुळवलेलं होतं. पिशवीत एक लहान कंपनमापक होता. त्या दिवशीचं भाषण आधीच ध्वनिमुद्रित झालं होतं, म्हणजे आम्ही तांबडमाळला पोचू तेव्हा डोंगराच्या पलीकडे सरांचा आवाज घराघरात बोलत असणार होता.

नोंद-घर गयाबाईंचं होतं. साठीच्या, बारीक अंगाच्या. मुलगा टोळीबरोबर कारखान्यावर गेलेला. सून सविता ओली बाळंतीण, म्हणून तिला मागे ठेवलेलं. बाळ वीस-बावीस दिवसांचं. घरात कुणी निजत नव्हतं, पण चूल घरातच होती. गयाबाई पहाटे येऊन भाकरी थापत आणि सगळं पत्र्याखाली नेत. सविता बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर बसली होती. दव पडून तिच्या पदराचा रंग गडद झाला होता.

सात वाजून पाच मिनिटांनी सरांनी कंपनमापक जमिनीवर मांडला आणि वही उघडली. त्या दिवशीची नोंद आधीच लिहिलेली होती : गुरुवार, ७.२०, तीन रेघा.

सरांनी वही माझ्यापुढे धरली. मग गयाबाईंना विचारलं, की हे कधी लिहिलं.

“सकाळीच,” गयाबाई म्हणाल्या. “आठला कापूस वेचायला जायचं असतंय. मंग कोण लिवीत बसतंय? दर गुरुवारी येतंयच की.”

सर हसले. महिनाभरात त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. सगळं उलगडलं होतं. रेडिओ नसलेल्या गावातल्या नोंदींचं कोडं म्हणजे कामाला जायची घाई होती. त्यांनी वही मिटली, खिळ्याला लावली आणि सविताला म्हणाले, “ये, बाळाला घेऊन आत ये. चुलीजवळ बस जरा.”

सविताने सासूकडे पाहिलं. गयाबाईंनी मान हलवली. ती उठली, पदर झटकला, एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला.

सात वाजून वीस मिनिटांनी वाटी पडली.

जमिनीतून आवाज आला नाही. मी दारापासून चार पावलांवर होतो, सर मांडणीपासून दोन. चमचा आणि वाटी एकदमच खाली आली. वाटी जमिनीवर फिरत राहिली आणि सविताच्या पायाजवळ थांबली. पेला जागेवर होता. कंपनमापकाचा काटा हलला नाही. मी छताकडे पाहत होतो. सरही छताकडे पाहत होते.

सविताने पाय मागे घेतला.

गयाबाईंनी वाटी उचलली, पुसली, परत पेल्यावर ठेवली. चमचा ठेवला. म्हणाल्या, “मी खोटं लिवलं न्हाई, सर.”

सर कंपनमापकाच्या काट्याकडे बघत राहिले.

“आता सांगा. लेकराला आत घिऊ का न्हाई?”

चुलीत लाकूड चरचरत होतं. सरांनी भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्या वेळी ‘बहुधा’ हा शब्द येईल अशी माझी अपेक्षा होती. तो आला नाही.

“नका घेऊ,” ते म्हणाले.

परत येताना चढ संपल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि हे छापू नको, असं सांगितलं. छापण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतंही. आवाज नाही, यंत्रावर नोंद नाही, वहीतली नोंद घटनेच्या आधीची. पाहणारे चार, त्यातली एक नोंद ठेवणारी. बातमी म्हणून ते उभं राहत नव्हतं. तळघरातला त्या सकाळचा कागद आम्ही दोघांनी पाहिला. सात वीसला सरळ रेघ होती. आठच्या पुढे एक लहान खरखर होती, ती रस्त्यावरून गेलेल्या ट्रकची.

सोमवारी अहवाल गेला. तांबडमाळच्या नोंदी आगाऊ लिहिलेल्या आढळल्याने ग्राह्य धरता येत नाहीत, घरांना तातडीचा धोका दिसत नाही, असं त्यात होतं. पुढच्या गुरुवारी रेडिओवर सरांनी लोकांना घरात परत जायला सांगितलं. वर्षभराने शोधनिबंध आला, त्यात तांबडमाळ तळटीपेत होतं. अहवालातलं प्रत्येक वाक्य नियमाला धरून होतं. निबंधातलंही.

अहवालानंतर तांबडमाळची माणसं आठवड्याभरात घरी गेली. गयाबाई गेल्या नाहीत. शेजारचे दगडू आबा पाणवठ्यावर सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, “सरानं काय तुझ्याच कानात सांगितलं का गं?”

“हां. माझ्याच,” गयाबाई म्हणाल्या, आणि घागर उचलून निघून गेल्या. ही हकीकत आबांनीच मला सांगितली, हसत. तेव्हा गावात ती टिंगल होती.

कार्तिकात थंडी वाढली. पत्र्याखाली रात्रभर दव ठिबकतं. बाळाला आधी सर्दी झाली, मग छाती भरली. अकरा दिवस ते अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात होतं. सर तीन वेळा गेले. एकदा मी बरोबर होतो. वॉर्डात बाहेरच्या उन्हाचा पिवळा पट्टा फरशीवर पडला होता आणि सविता त्यात पाय ठेवून बसली होती. सरांनी संत्री आणली होती. ती पिशवी तिने घेतली, खाली ठेवली. मग शांतपणे विचारलं, “सर, तुमी रेडिओवर सगळ्याला घरात जा म्हणले. आमालाच कावून बाहेर ठिवलं?”

बाळाच्या श्वासाचा आवाज येत होता, ओल्या कापडातून हवा ओढावी तसा. गयाबाई मधे पडल्या, सुनेला म्हणाल्या की गप बस, सर आपल्या बऱ्यासाठीच म्हणले. सर जिना उतरून खाली आले, मोटारसायकलजवळ उभे राहिले आणि किल्ली हातात असताना किल्ली शोधत राहिले.

बाळ वाचलं. तांबडमाळला त्या हंगामात एकही घर पडलं नाही. पुढच्याही नाही. गयाबाईंच्या वहीतल्या गुरुवारच्या नोंदी मार्गशीर्षात थांबल्या. त्या का थांबल्या, हे कुणाला सांगता आलं नाही.

सर पुढे अकरा वर्षं जगले. निवृत्त झाले, रेडिओवर बोलत राहिले, बांधकाम करणाऱ्यांना पाया कुठवर खणायचा ते सांगत राहिले. त्यांच्या सल्ल्याने बांधलेल्या इमारती तालुक्यात जागोजाग आहेत आणि चांगल्या स्थितीत आहेत. माझ्याशी त्यांनी तांबडमाळचा विषय पुन्हा काढला नाही. ‘गूढ’विषयीची थट्टाही त्या सकाळनंतर केली नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

ते गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो. वसाहतीतलं स्लॅबचं घर, पाया त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतलेला. व्हरांड्यात एक लोखंडी खाट होती, तिच्यावर गादी गुंडाळून ठेवलेली. मी खाटेकडे पाहतोय हे त्यांच्या पत्नी सुमनबाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, “सर इथेच निजायचे. आत उकडतं म्हणायचे.”

मी विचारलं, कधीपासून.

“अकरा वर्षं झाली. थंडीतसुद्धा.” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला काही बोलले होते का ते?”

नाही, असं मी सांगितलं.

यंदाच्या आवाजानंतर, रेडिओवर ते भाषण लागलं त्याच गुरुवारी, मी तांबडमाळला गेलो. आता डांबरी रस्ता आहे. घरकुलाची स्लॅबची घरं झाली आहेत. गयाबाईंनाही एक मिळालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. सविता शाळेत पोषण आहार शिजवते. बाळ आठवीत आहे, उंच आहे, पावसाळ्यात अजून दम लागतो. रेडिओचं सांगितल्यावर गयाबाई म्हणाल्या, “सर गेले म्हणत व्हते की.” मग म्हणाल्या, “काय सांगितलं त्यानं?”

घाबरू नका, असं सांगितलं, मी म्हणालो.

त्यांनी मला जुन्या घराकडे नेलं. त्या दर दिवाळीला बाहेरून भिंत सारवतात. दाराला कुलूप नाही. गावात त्याला ‘सरांचं घर’ म्हणतात, जरी सर त्यात एकदाच, अर्धा तास गेले होते. कुणी तिथे कडबा ठेवत नाही, गुरं बांधत नाही. गयाबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. मीही थांबलो.

“पडलं असतं तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “निदान सर खरे ठरले असते. लेकराचं आजारपण कशापायी झालं, त्ये तरी कळलं असतं सविताला.”

आत अंधार होता, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. सविता शाळेतून परतताना लांबून गेली. तिने आमच्याकडे पाहिलं, पण ती थांबली नाही.

यंदाच्या आवाजानंतर तलाठ्याने तांबडमाळच्या सगळ्या जुन्या घरांचा पंचनामा केला. गयाबाईंच्या घराच्या नोंदीत चार ओळी आहेत. भिंतींना तडे नाहीत. माळवद शाबूत. गळती नाही. वास्तव्य : कोणाचेही नाही.